दूरदर्शनकालीन जाहिराती (वऱ्हाड)

दूरदर्शनकालीन जाहिराती म्हणजे इ.स. १९७६ पासून उपग्रह वाहिन्या घरोघरी पोहोचेपर्यंत, म्हणजे साधारणतः १९९१-९२ पर्यंत, भारताच्या शासकीय दूरचित्रवाणीवरून प्रसारित झालेल्या व्यापारी आणि लोकहिताच्या जाहिराती. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील, प्रेक्षकांच्या दृष्टीने या जाहिरातींचा परिचय करून दिला आहे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला दूरचित्रवाणी १९७२-७३ पासून आणि बरीचशी मराठीतून मिळाली. वऱ्हाडात ती सुमारे दहा वर्षांनी आणि मुख्यतः दिल्लीहून, हिंदीतून आली. त्यामुळे या भागातील एका संपूर्ण पिढीच्या स्मरणातील जाहिराती मराठी घरात ऐकलेल्या हिंदी जाहिराती आहेत.

पार्श्वभूमी

जगातील दूरचित्रवाणी जाहिरातींचा आरंभ घड्याळांपासून झाला, हा एक लक्षणीय योगायोग आहे. अमेरिकेत १ जुलै १९४१ रोजी बुलोव्हा या घड्याळाची, तर जपानमध्ये २८ ऑगस्ट १९५३ रोजी सेइको घड्याळाची वेळ सांगणारी जाहिरात प्रथम दाखवण्यात आली. जपानमध्ये गेल्या शतकातील अशा जाहिरातींचे संकलन व स्मरणरंजन हा आज स्वतंत्र छंदच झाला आहे. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. ती शिक्षण व लोकप्रबोधनासाठी असल्याने जाहिरातींना तिच्यात स्थान नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. १ जानेवारी १९७६ पासून जाहिरातींना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले.

वऱ्हाडाला मात्र जाहिरातींची ओळख त्याआधीच कानांनी झाली होती. विविध भारतीवरील व्यापारी प्रसारण १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून सुरू झाले. नागपूरचे प्रसारण ऐकणाऱ्या वऱ्हाडी घरांत साबण, दंतमंजन, डोकेदुखीच्या गोळ्या आणि केशतेल यांची गाणी दूरचित्रवाणी येण्याच्या पंधरा वर्षे आधीपासून गुणगुणली जात होती. त्याही पूर्वी रेडिओ सिलोनवरील अमीन सयानी यांच्या बिनाका गीतमालेने एका टूथपेस्टचे नाव खेडोपाडी नेले होते. पुढे पडद्यावर चित्र दिसू लागले तेव्हा अनेक जाहिरातींची चाल लोकांना आधीच पाठ होती. या भागातील जुन्या जाहिरातींच्या आठवणी चित्रापेक्षा चालीभोवती अधिक घट्ट का गुंफलेल्या आढळतात, याचे मुख्य कारण हे आहे.

दुसरा मार्ग चित्रपटगृहांचा. मुख्य चित्रपटाच्या आधी आणि मध्यंतरात फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट, मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातपट्ट्या आणि स्थानिक दुकानांच्या काचेच्या स्लाइड दाखवल्या जात. अमरावतीतील राजकमल चौक व चित्रा चौक ही नावे टॉकीजची आठवण आजही बाळगून आहेत. अकोल्यात माणेक टॉकीज प्रसिद्ध होती. सराफ, कापड दुकानदार, शिंपी, चष्मेवाले आणि लग्नाचे बँडवाले यांच्या स्लाइड हाताने रंगवलेल्या असत. शुद्धलेखनाकडे त्यांचे फारसे लक्ष नसे, पण अक्षराचे वळण अनेकदा सुरेख असे. गावोगावच्या यात्रांत येणाऱ्या तंबूच्या टॉकीजमुळे हाच अनुभव खेड्यांपर्यंत पोहोचला. धबधब्याखाली स्नान करणाऱ्या तरुणीची लिरिल साबणाची जाहिरात (१९७५) वऱ्हाडातील बहुतेकांनी प्रथम टॉकीजच्या पडद्यावरच पाहिली. लिंटास या संस्थेत अलिक पदमसी यांच्या काळात तयार झालेल्या या जाहिरातीत कॅरेन लुनेल ही तरुणी होती आणि तिचे चित्रीकरण कोडाईकनाल परिसरातील धबधब्यावर झाले होते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या आणि नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या प्रदेशात त्या पाण्याचे आकर्षण साबणाहून कमी नसावे.

वऱ्हाडात दूरचित्रवाणीचे आगमन

इ.स. १९७५-७६ मधील साइट या उपग्रह शिक्षण प्रयोगात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. नागपूर येथे १९८२ मध्ये दूरदर्शन पोहोचले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. नागपूरपासून अमरावती सुमारे दीडशे, तर अकोला सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावर आहे. उंच बांबूवर किंवा लोखंडी नळीवर अँटेना चढवून अमरावतीकडे नागपूरचे धूसर चित्र पकडण्याचे प्रयत्न होत. अकोल्याला तेही दुरापास्त होते. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ब हा उपग्रह प्रक्षेपित झाला. त्यानंतर १९८४-८५ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याची मोहीम हाती घेण्यात आली आणि वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या शहरांत स्पष्ट चित्र दिसू लागले.

लघुशक्ती प्रक्षेपकाचे काम उपग्रहावरून आलेला कार्यक्रम जसाच्या तसा पुढे सोडण्याचे होते. स्वतःचा कार्यक्रम तयार करण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. साहजिकच सुरुवातीच्या काळात अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकासमोर आला तो दिल्लीचा हिंदी-इंग्रजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि त्याला जोडलेल्या जाहिराती. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम उपग्रहाच्या साहाय्याने राज्यभर दिसू लागले ते पुढे. स्थानिक दुकानदाराला तर दूरदर्शनवर जागाच नव्हती. त्याची जाहिरात स्लाइड, भिंत आणि रिक्षावरील भोंगा यांतच राहिली.

संच घेणे ही तेव्हा मोठी खरेदी होती. क्राऊन, वेस्टन, डायनोरा, टेक्सला, ईसी अशा नावांचे कृष्णधवल संच लाकडी पेटीत, सरकत्या दारांसह येत. कापसाची एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून लागू होती, त्यामुळे शेतकरी कुटुंबातील अशी खरेदी बहुधा चुकारे हाती येण्यावर अवलंबून असे. ज्या घरी संच असे तेथे आळीतील सर्व मुले जमत. कृष्णधवल पडद्यासमोर वर निळा, मध्ये पिवळसर, खाली हिरवा असा प्लास्टिकचा पत्रा लावून रंगीत चित्राचे समाधान मिळवण्याची युक्तीही प्रचलित होती. आज रंगीत म्हणून आठवणाऱ्या कित्येक जाहिराती वऱ्हाडात पहिल्यांदा कृष्णधवलच पाहिल्या गेल्या आहेत.

प्रसारणाची पद्धत

तत्कालीन जाहिराती आजच्यासारख्या कार्यक्रम तोडून येत नसत. त्या बहुतांशी कार्यक्रमाच्या आधी एका गठ्ठ्याने दाखवल्या जात आणि त्यानंतर कार्यक्रम अखंड चाले. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेने प्रायोजकत्वाची पद्धत रुजवली. तिचा प्रायोजक मॅगी हा नूडल्सचा नवा पदार्थ होता. 'प्रायोजित', 'सौजन्य', 'व्यत्यय' हे शब्द सामान्य मराठी माणसाच्या तोंडी रुळले ते या काळातच. त्यांतील 'व्यत्यय' हा शब्द तर पडद्यावरील दिलगिरीच्या पाटीमुळे अगदी लहान मुलांनाही माहीत झाला.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळातील 'रामायण' आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंतचे 'महाभारत' या रविवार सकाळच्या मालिकांपूर्वी जाहिरातींची रांग फार लांबत असे. प्रेक्षक जागा धरण्यासाठी लवकर येऊन बसत. त्यामुळे देवादिकांच्या दर्शनाआधी धुण्याची पावडर, दंतमंजन आणि प्रेशर कुकर यांचे दर्शन सक्तीचे झाले. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच क्रमाने संपूर्ण गावाने पाहिलेल्या या जाहिराती सामुदायिक पाठांतराचा विषय बनल्या. दुसरी वाहिनी नव्हती आणि दूरनियंत्रक बहुतेकांकडे नव्हता.

उल्लेखनीय जाहिराती

निरमा व सर्फ. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली निरमा ही धुण्याची पावडर सर्फच्या तुलनेत एक तृतीयांशाहूनही कमी किमतीत मिळे. पांढऱ्या झग्यात गिरकी घेणारी मुलगी आणि सहज ओठांवर बसणारी चाल यांमुळे ही जाहिरात बहुधा या काळातील सर्वाधिक परिचित जाहिरात ठरली. ब्रँडचे नाव पटेल यांच्या निरुपमा या मुलीवरून घेतलेले आहे. वऱ्हाडातील घरांत तोवर धुण्याचा सोडा आणि साबणाची वडी यांचाच वापर असे, पावडर ही शहरी चैन मानली जाई. निरमाने ती समजूत मोडली. निरमाच्या स्पर्धेला उत्तर म्हणून सर्फने ललिताजी हे पात्र पुढे आणले. भाजी घेताना घासाघीस करणारी, स्वस्त आणि चांगले यांतील फरक ठामपणे सांगणारी ही गृहिणी अलिक पदमसी यांच्या कल्पनेतून उतरली होती आणि ती भूमिका कविता चौधरी यांनी केली. याच कविता चौधरी यांनी १९८९ मध्ये 'उडान' ही पोलीस अधिकारी स्त्रीवरील मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत प्रमुख भूमिकाही केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. अर्धा किलो महाग पावडर एक किलो स्वस्त पावडरीइतकी पुरते, हा ललिताजींचा युक्तिवाद गणिताच्या त्रैराशिकासारखा होता. तो पटला म्हणून वऱ्हाडी गृहिणी सर्फकडे वळली असे मात्र म्हणता येत नाही. जाहिरात ललिताजींची आवडावी आणि पिशवीत निरमा यावा, हे दृश्य सर्वसाधारण होते.

विको. विदर्भाशी जवळचा संबंध असलेला हा ब्रँड होय. संस्थापक केशव विष्णू पेंढरकर मूळचे नागपूरकडील. त्यांनी १९५२ मध्ये मुंबईतील परळ येथे व्यवसाय सुरू केला. विको वज्रदंती आणि विको टर्मरिक यांच्या जाहिरातगीतांत वनस्पतींची नावे आणि आयुर्वेदाचा उल्लेख ठळक असे. टर्मरिक क्रीमच्या जाहिरातीत लग्नघर आणि हळद दाखवलेली होती, त्यामुळे भाषा हिंदी असूनही प्रसंग परका वाटत नसे. 'ये जो है जिंदगी' (१९८४) ही विनोदी मालिका विकोनेच प्रायोजित केली. हे उत्पादन सौंदर्यप्रसाधन नसल्याचे जाहिरातगीतात आवर्जून सांगितलेले असे. अनेकांना तो केवळ यमकासाठी केलेला खेळ वाटे, परंतु त्यामागे कराचा प्रश्न होता. सौंदर्यप्रसाधनांवरील उत्पादनशुल्क आयुर्वेदिक औषधांपेक्षा बरेच अधिक होते. उत्पादने कोणत्या वर्गात मोडतात यावर अबकारी विभाग व कंपनी यांच्यात दीर्घकाळ खटला चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले.

बजाज. इ.स. १९८९ मधील बजाज स्कूटरची जाहिरात लिंटासने तयार केली आणि तिचे संगीत लुई बँक्स यांचे होते. कोणी सिनेनट न घेता तीत सर्वसामान्य भारतीय माणसे आणि त्यांची स्कूटर दाखवली होती. बजाज समूहाचे संस्थापक जमनालाल बजाज वर्ध्याचे, म्हणजे वऱ्हाडाच्या शेजारच्याच जिल्ह्याचे. कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला असला तरी विदर्भात या नावाविषयी वेगळी आपुलकी होती. पूर्वीच्या परवाना पद्धतीत स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. ही जाहिरात आली तेव्हा प्रतीक्षेचा तो काळ ओसरत होता आणि जपानी सहकार्याने बनलेल्या मोटारसायकली स्पर्धेत उतरल्या होत्या. म्हणून या जाहिरातीत आत्मविश्वासाबरोबर थोडी चिंताही ऐकू येते. मुलीच्या लग्नात स्कूटर देण्याची प्रथा या भागातही होती, ही बाजू मात्र जाहिरातीत अर्थातच नाही.

लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या या संस्थेची जाहिरात सशाच्या बाहुलीमुळे ओळखली जाते. ती बाहुली बोलकी करणारे रामदास पाध्ये हे मराठी शब्दभ्रमकार आहेत. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव महाराष्ट्राला आधीपासून परिचित होता. उन्हाळ्यात घरोघरी गच्चीवर पापड, कुरडया आणि सरगुंडे घालणाऱ्या वऱ्हाडात विकतचा पापड खपवणे सोपे नव्हते. सशाने मुले जिंकली आणि मुलांनी आयांना.

याखेरीज ओनिडा दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीतील शिंगे व शेपटी असलेला हिरवट सैतान (कल्पना गोपी कुकडे, भूमिका डेव्हिड व्हिटब्रेड), ताजमहाल चहासाठी तबला वाजवणारे झाकीर हुसेन, दिनेश सूटिंगचे सुनील गावसकर, पामोलिव्हचे कपिल देव, आणि रसना या सरबताची लहान मुलगी यांचा उल्लेख करता येतो. टायटन घड्याळाच्या जाहिरातीत मोत्झार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतील स्वररचना वापरली होती. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा तेवढाच तुकडा ओळखणारे लोक वऱ्हाडात आजही पुष्कळ आहेत.

लोकहिताच्या जाहिराती व लघुपट

व्यापारी जाहिरातींइतकेच स्थान शासकीय संदेशांना होते. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, लसीकरण आणि १९८८ पासून राष्ट्रीय साक्षरता अभियान हे त्यांचे विषय. 'एक अनेक और एकता' (१९७४) हा चित्रांकित लघुपट अनेकांच्या स्मरणात आहे. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे या मराठी होत्या, संगीत वसंत देसाई यांचे होते आणि गाणाऱ्या बालिकेचा आवाज साधना सरगम यांचा. १५ ऑगस्ट १९८८ रोजी प्रथम दाखवलेले 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे गीत पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वराने सुरू होते. राष्ट्रीय वाहिनीवर दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या वऱ्हाडी प्रेक्षकाला त्या गीतातील मराठी ओळ कानी पडताच होणारा आनंद हा या काळातील एक नोंद घेण्याजोगा अनुभव होय.

भाषा

हिंदी जाहिराती वऱ्हाडात सहज स्वीकारल्या गेल्या, याचे कारण केवळ तंत्रज्ञानात नाही. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होते. १९०३ नंतर ते मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत कारभार पाहिलेला हा प्रदेश आहे. अकोला, बाळापूर, अचलपूर, अमरावती येथे उर्दूभाषक वस्ती मोठी आहे. 'मला'ऐवजी 'मले' म्हणणाऱ्या वऱ्हाडी बोलीच्या कानाला हिंदी चाल परकी वाटत नाही.

मराठी रूपांतरांची स्थिती वेगळी होती. अनेक मराठी जाहिराती मूळ हिंदी चित्रावर मराठी आवाज बसवून तयार होत. हिंदी ओठांच्या हालचालीत आणि हिंदी चालीच्या मात्रांत मराठी शब्द कोंबताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई आणि वाक्यरचना हिंदीच राही. जाहिरातींतील मराठीचा कृत्रिमपणा ही तक्रार आजचीच आहे असे नाही. वऱ्हाडी बोली तर या जाहिरातींत जवळजवळ नव्हतीच. आलीच तर विनोदापुरती.

टीका

भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ मध्ये स्थापन झाली. दूरदर्शनच्या संहितेनुसार मद्य व तंबाखू यांच्या जाहिरातींना मनाई होती, पण पान मसाल्याला नव्हती. अशोक कुमार व शम्मी कपूर यांची पान परागची लग्नबैठकीतील जाहिरात अतिशय लोकप्रिय झाली. वरपक्षाची मागणी काय असेल या वधूपित्याच्या धास्तीवर तिचा विनोद उभा आहे. ज्या विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले आहे तेथे ती आज निखळ करमणूक म्हणून पाहणे कठीण जाते. महाराष्ट्रात गुटखा व पान मसाल्यावर २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली. गोऱ्या रंगाचा संबंध विवाहाशी आणि नोकरीशी जोडणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींवरही कालांतराने तीव्र टीका झाली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमच्या नावातील 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या मुलींच्या प्रदेशात या जाहिरातींनी कोणता न्यूनगंड पेरला, याचा विचार स्मरणरंजनात सहसा होत नाही.

जतन

राष्ट्रीय कार्यक्रमातील प्रसिद्ध हिंदी जाहिराती आज आंतरजालावर सहज पाहता येतात. त्यांतील कित्येक घरगुती व्हीएचएस फितींवरून उतरवलेल्या असल्यामुळे चित्र थरथरते आणि आवाज घासलेला येतो. मूळ जाहिरातपट संबंधित कंपन्या व जाहिरातसंस्था यांच्या मालकीचे होते आणि प्रसारण संपल्यावर ते सांभाळून ठेवण्याची कोणावर सक्ती नव्हती.

त्यापेक्षा बिकट अवस्था वऱ्हाडाच्या स्वतःच्या जाहिरातींची आहे. टॉकीजच्या काचेच्या स्लाइड दुकानदार बदलला की पुसून पुन्हा रंगवल्या जात, आणि चित्रपटगृहे बंद पडत गेली तशा त्या भंगारात गेल्या. रस्त्यालगतच्या भिंतींवर कपाशीचे बियाणे, कीटकनाशके, पाण्याचे पंप, बिड्या आणि सिमेंट यांच्या जाहिराती रंगवणारे पेंटर छापील फ्लेक्स फलक आल्यानंतर हळूहळू त्या कामातून बाहेर पडले. अकोला हे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९) आणि राज्य बियाणे महामंडळ, म्हणजेच महाबीज (१९७६), यांचे मुख्यालय असल्याने बियाण्यांच्या भिंतीजाहिरातींचा या जिल्ह्यात विशेष सुळसुळाट होता. 'आमची माती आमची माणसं' हा मुंबई दूरदर्शनचा शेतकी कार्यक्रम पाहून जे नाव कानी पडे, तेच दुसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून भिंतीवर दिसे. या भिंतींची छायाचित्रे बहुधा योगायोगानेच टिकली आहेत: लग्नाच्या वरातीमागे, शाळेच्या सहलीमागे किंवा बैलजोडीमागे आलेली. घरगुती अल्बममधील अशी छायाचित्रे, टॉकीजमध्ये काम केलेल्या ऑपरेटरांच्या आठवणी आणि जुन्या पेंटरांच्या वह्या हीच या विषयाची आजघडीला उपलब्ध साधने आहेत.